खासदारकीचे डोहाळे लागलेत? आधी मतदारसंघ विसरा

सरपंचकी झाली, झेडपी झाली, मार्केट कमिटीत पॅनल बसलं. आता तुम्हाला दिल्ली दिसू लागली असेल तर त्यात गैर काही नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की भल्याभल्यांना काहीबाही दिसतं. फक्त तयारी उलट्या टोकाने सुरू करू नका. पुष्कळ होतकरू मंडळी आधी मतदारसंघ पिंजून काढतात, गावं पाठ करतात, कोणाच्या दारी जायचं राहिलं याची वही ठेवतात. सगळी मेहनत पाण्यात. खान्देशात मतदारसंघ ही टिकाऊ वस्तू नाही.

एरंडोल बघा. २००४ पर्यंत इथून खासदार निवडून जायचा. २००८ च्या पुनर्रचनेत एरंडोलची लोकसभा गेली आणि रावेरची आली. एरंडोल गाव आहे तिथेच आहे, पण आता ते जळगावच्या सहा विधानसभांपैकी एक. रावेरला सोबत म्हणून थेट बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर जोडून दिलंय. म्हणजे केळीवर बोलता बोलता तुम्हाला विदर्भाच्या अनुशेषावरही डोळे ओले करावे लागतील. सराव ठेवा.

धुळ्याचा हिशेब याहून सरस. साक्री आणि शिरपूर हे तालुके धुळे जिल्ह्यात, पण मत नंदुरबारला. बदल्यात धुळ्याच्या लोकसभेला नाशिक जिल्ह्यातून मालेगावच्या दोन जागा आणि बागलाण मिळालं. साक्रीच्या शेतकऱ्याचा कलेक्टर धुळ्यात आणि खासदार नंदुरबारचा. ही सोय वाया घालवू नका. तो बिचारा पीकविम्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुमच्याकडे आला की म्हणायचं, ‘हा विषय जिल्ह्याचा, धुळ्याला जा.’ धुळ्याला त्याला सांगतील, ‘खासदारांचं पत्र आणा.’ दोन-तीन खेपांत एसटीचं भाडं परवडेनासं होतं आणि विषय आपोआप मार्गी लागतो.

एखादा हट्टी कार्यकर्ता ‘भाऊ, आपलं काम बोलतं’ म्हणू लागला तर त्याला २०२४ चा धुळ्याचा निकाल वाचायला द्या. तेव्हाच्या खासदारांना, जे आधी केंद्रात संरक्षण राज्यमंत्रीही होते, सहापैकी पाच विधानसभांत आघाडी होती. सहावी मालेगाव मध्य. तिने एकटीने पाचांची बेरीज फिरवली आणि काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी दिल्लीला गेल्या. लोकशाहीत प्रत्येक मताला किंमत असते हे खरं, पण ते मत कुठल्या रेषेच्या आत पडतं त्याला जास्त असते. ती रेष आखणाऱ्याकडे मात्र कोणी भरीत पार्टीचं आमंत्रण घेऊन जात नाही.

आणि स्थानिक भूमिपुत्र वगैरे मुद्दा फार ताणू नका, अंगाशी येईल. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत जळगावहून हरि विनायक पाटसकर गेले. हिंदू विवाह आणि वारसा कायद्याची विधेयकं सरकारच्या बाजूने त्यांनीच लढवली. देशभरातल्या लेकीसुनांच्या आयुष्याला हात घालणारं काम आपल्या खासदाराने केलं, म्हटल्यावर जिल्ह्याने त्यांना डोक्यावर घ्यायला हवं होतं. घडलं असं की १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राचं वारं सुटलं, पूर्व खान्देशातून मुंबईचे पारशी वकील नौशेर भरूचा लोकसभेत पोचले आणि पाटसकर मध्य प्रदेशचे राज्यपाल झाले. त्याच वर्षी देशभरातून जनसंघाचे फक्त चार खासदार निवडून आले; त्यातले एक बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी आणि एक आपल्या धुळ्याचे उत्तमराव पाटील. आज त्या पक्षाच्या वारसदारांच्या सभेत हे नाव घेऊन बघा. मंडपात कुजबुज सुरू होईल, ‘हे कोणाचे पाहुणे?’ म्हणून म्हणतो, इतिहास वापरायचाच असेल तर १९३६ चं फैजपूर वापरा. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू, शेतसारा कमी करण्याची मागणी. सगळ्या पक्षांना चालतं, आणि शेतकरी तेव्हाही अडचणीत होता, त्यामुळे भाषण जुनं वाटत नाही.

लेकींचा विषय निघालाच आहे तर आखाजीकडे, म्हणजे आपल्याकडच्या अक्षय्य तृतीयेकडे, लक्ष द्या. २०२४ ला आखाजी १० मे रोजी आली आणि जळगाव, रावेर, नंदुरबारचं मतदान १३ मे रोजी. माहेरवाशिणी घरोघरी, निंबाला झोके, खापरावर मांडे, आणि त्यांची नावं मात्र सासरच्या यादीत. अशा अंगणात जाऊन हात जोडणं म्हणजे दुसऱ्याच्या मतदाराला चहा पाजणं. थोरामोठ्यांचंही तसंच झालं. प्रतिभाताई पाटील जळगावच्या. १९६२ ला जळगावातूनच आमदार झाल्या, पुढे एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरमधून. लोकसभेत गेल्या त्या १९९१ ला, सासरच्या अमरावतीहून. मग राष्ट्रपती झाल्यावर ‘आमची लेक’ म्हणून फटाके फोडायला जळगाव पुढे होतंच.

टिकून राहायचं असेल तर नंदुरबारच्या माणिकराव गावितांकडून शिका. १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून सलग नऊ वेळा खासदार. २००९ ला लोकसभेचे हंगामी सभापतीसुद्धा. एवढ्या काळात देशाने पंतप्रधान किती बदलले ते बोटांवर मोजत बसा. त्यांच्या मतदारसंघातल्या टेंभली गावातच २०१० साली पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली. आपण कोण आहोत हे सरकारला सर्वांत आधी नंदुरबारच्या आदिवासींनी सांगितलं. रोजगारासाठी गुजरातेत जाताना ते कार्ड बरोबर असलेलं बरं असतं.

खान्देशचे खासदार संसदेत प्रश्नच विचारत नाहीत, अशी ओरड करणाऱ्यांना थोडी आठवण करून द्या. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल लोकसभेने दहा सदस्यांची हकालपट्टी केली. सबंध देशातून दहा, आणि त्यातले दोन एकट्या जळगाव जिल्ह्याचे, एक जळगाव मतदारसंघाचा आणि दुसरा एरंडोलचा. अख्ख्या महाराष्ट्रातून दुसरं कोणी नव्हतं. अनुशेष भरून निघतो तो असा.

आता जाहीरनामा. मनमाड-इंदूर रेल्वे हा आजवर हुकमी विषय होता. तीन पिढ्यांनी त्या रुळांवरून भाषणं धावडवली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या मार्गाला १८,०३६ कोटींची मंजुरी देऊन मोठाच घोटाळा केला. गाडी खरंच सुरू झाली तर धुळ्यातल्या उमेदवाराने बोलायचं काय? घाबरू नका. अमळनेरजवळ तापीवरचं रखडलेलं पाडळसे धरण आहे, ते बराच काळ पुरेल.

आकड्यांच्या भानगडीत मात्र पडू नका. राज्य झालं तेव्हा १९६२ च्या निवडणुकीत महाराष्ट्राला ४४ जागा होत्या, १९७७ पासून ४८ आहेत. कोणत्या राज्याला किती जागा हे आजही १९७१ च्या जनगणनेवर ठरतं. १९७६ ला आकडा गोठवला, मग मुदत वाढवून २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. तुमच्या सभेत शिट्ट्या मारणारी पोरं, त्यांचे बापही कदाचित, या वाटणीच्या हिशेबात जन्मलेलेच नाहीत. हे त्यांना सांगू नका, उगाच वय विचारतील.

पुढची पुनर्रचना झाली की तुमचा तालुका कुठे जाईल, जागा खुली राहील की राखीव होईल, हे देवालाच ठाऊक. धुळे २००४ पर्यंत अनुसूचित जमातींसाठी राखीव होतं, पुढच्या निवडणुकीला खुलं झालं, आणि जन्मभर तयारी केलेल्यांना रातोरात दुसरं गाव शोधावं लागलं. शिवाय २०२३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा महिलांना द्यायचं ठरलंय. तेही जनगणना आणि पुनर्रचनेनंतरच. तेव्हा आजच स्टुडिओत जाऊन सूनबाईंचे दोन फोटो काढून ठेवा, एक डोक्यावर पदर घेतलेला आणि एक न घेतलेला. त्यांना कारण सांगायची घाई नको. अर्ज भरायच्या दिवशी सही लागेलच, तेव्हा कळेल.