ताटाचे सोवळे आणि पेल्याचा परवाना

नाशिकच्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर सध्या एकच वाद रंगला आहे : गंगापूर रोडवरच्या एखाद्या शाकाहारी उपाहारगृहाने परमिट रूमचा परवाना घेतला, तर तिथे मुलाबाळांना घेऊन जावे की नाही. एका मावसभावाचे म्हणणे असे की जिथे दारू मिळते तिथले ताट शाकाहारी असले तरी त्याचे सोवळे मोडलेच. त्याच्या बहिणीचा सवाल असा की कधी वाईन घ्यावीशी वाटली तर मटणाच्या वासातच का बसायचे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आल्यामुळे या वादाला एरवीपेक्षा अधिक धार चढली आहे. मी लंडनमध्ये ज्या साध्याशा चिनी खानावळीत अनेकदा जेवते, तिथे या दोघांनाही आपापली बाजू नव्याने मांडावी लागली असती.

ही खानावळ पूर्णपणे व्हीगन आहे. मांस, मासे आणि अंडी तर नाहीतच, पण दूध आणि मधही नाही. आणि एका कोपऱ्यात कॉकटेलचा छोटा बार आहे. मापो टोफूमध्ये, म्हणजे सोयाबीनच्या पनीरच्या तिखट चिनी रश्श्यात, परंपरेने गोमांसाचा खिमा पडतो, इथे त्या जागी मशरूम असतात. जिभेला झिणझिण्या आणणारी सिचुआन मिरी मात्र तीच, आणि ती आपल्या कोकणातल्या तिरफळाची सख्खी वनस्पतिबहीण आहे. ‘बदक’ ग्लूटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे असते. दुधाविना हे सारे जमते, कारण चिनी स्वयंपाकात मुळातच दुधदुभत्याला फारसे स्थान नाही. आपल्या शाकाहारातून तूप, दही, पनीर आणि चहातले दूध वजा केले, तर निम्मे मेनूकार्ड कोरे पडेल. (चौकातल्या गाडीवरचे व्हेज मंचुरियन बहुधा नकळत व्हीगनच असते, हे तिथे उभ्याने खाणाऱ्यांच्या गावीही नसते.)

मावसभावाला आवडेल असा आधारही या पाककलेच्या इतिहासात आहे. सहाव्या शतकात लिआंग घराण्याच्या वू सम्राटाने बौद्ध भिक्षूंना मांस आणि मद्य या दोहोंपासून दूर राहण्याचा दंडक घातला, आणि चीनमधल्या मठांच्या शाकाहारी स्वयंपाकाला त्यातून मोठे बळ मिळाले. या परंपरेत कांदा आणि लसूणही वर्ज्य असतात, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या मावशीची तिथे अजिबात अडचण झाली नसती. हा स्वयंपाक मठांबाहेर शहरी उपाहारगृहांतही रुजला. शांघायचे गोंगदेलिन १९२२ पासूनचे आहे. लंडनच्या खानावळीने त्या परंपरेतले ताट घेतले आणि मद्याचा निषेध सोडून दिला.

तरी बारवरची शिस्त ढिली नाही. व्हिस्की सावर या कॉकटेलवरचा फेस एरवी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा करतात, इथे तो छोले शिजवलेल्या पाण्याचा असतो. पुरणाचा कट काढून आमटी करणाऱ्या घराला या युक्तीचे नवल वाटू नये. वाईनही निवडून घ्यावी लागते, कारण ती नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दुधातले केसीन किंवा माशांच्या वाताशयापासून केलेला पदार्थ वापरतात. आमच्या गटावरच्या कडव्या शाकाहाऱ्यांपैकी जे वाईन घेतात, त्यांच्यापैकी कोणीही ही चौकशी केल्याचे मला ठाऊक नाही.

मला यातले महत्त्वाचे हे वाटते की ही खानावळ एकाच गोष्टीबाबत काटेकोर आहे : प्राण्यापासून काही घ्यायचे नाही. समोरचा पितो की नाही, यावरून त्याचे चारित्र्य ती ठरवत नाही. आपल्याकडे प्राण्यांची दया, धर्माचे सोवळे, घरातली इभ्रत आणि दारूने होणारे नुकसान ही चार वेगवेगळी कारणे एकाच गाठोड्यात बांधली जातात, आणि मग कोणत्याच कारणाची नीट तपासणी होत नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचे ठरवले आणि अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, तेव्हाही द्राक्ष बागायतदारांचे हित, तरुणांचे व्यसन आणि महाराष्ट्राची संस्कृती यांचा असाच काला झाला होता.

इंग्लंडमध्ये मद्याचा परवाना मागणाऱ्याला दारावर फिकट निळ्या कागदाची सूचना २८ दिवस लावावी लागते आणि शेजाऱ्यांना हरकत घेता येते. पण ती हरकत गुन्हेगारी, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव किंवा मुलांना होणारी हानी या चार मुद्द्यांपैकी एकावर असावी लागते. ‘आमच्या संस्कारात बसत नाही’ हा त्यातला मुद्दा नव्हे. तरीही इथले सारे आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. शुक्रवारी रात्री शेवटच्या ट्यूबने, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेने, प्रवास केलेल्या कोणालाही ते पटणार नाही. उलट, महिलांनी मतदान करून दारूचे दुकान बंद पाडण्याची आपली ‘आडवी बाटली’ची तरतूद मला त्या निळ्या कागदापेक्षा अधिक रोखठोक वाटते, कारण तिथे मत देणाऱ्या बाईने दारूची किंमत स्वतःच्या घरात मोजलेली असते. रामकुंडाच्या परिसरात मांस-मद्य नको, हेही मला समजते. तो त्या जागेचा मान आहे. पण तोच नियम गंगापूर रोडच्या ताटाला लावण्याचे कारण मला अजून कोणी सांगितलेले नाही.

मावसभावाची हरकत रात्रीचा गोंगाट, रस्त्यात आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या आणि पिऊन गाडी हाकणारे यांच्याबद्दल असेल, तर मी इथूनही त्याच्या अर्जावर सही करीन. बहिणीचे म्हणणे मात्र मला आजच मान्य आहे. ज्या जिल्ह्याच्या नावाने ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन आहे, तिथली वाईन चाखायला मुंबई-पुण्याचे लोक सहकुटुंब द्राक्षमळ्यांत येतात आणि त्यांच्या संस्कारांबद्दल नाशिककर कधी चकार शब्द काढत नाहीत.