मॅन्युअल वाचतं कोण? ज्याचं काम अडलंय तो

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या गटांवर आला. लिहिणाऱ्याचं नाव नाही, शेवटी हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. मथितार्थ असा: तांत्रिक लेखन नावाचं वेगळं कौशल्य वगैरे काही नसतं. मॅन्युअल कोणी वाचत नाही. वस्तू चांगली असेल तर ते लागतच नाही. लागलंच, तर ज्यानं वस्तू बनवली त्यानं लिहावं. मधला लेखक फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो आणि सोपं करायच्या नादात अचूकपणा घालवतो. आणि आता तर एआय आहेच.

मी यंत्रांची माहितीपत्रकं आणि कामाच्या सूचना लिहूनच पोट भरते, म्हणजे या वादात माझा स्वार्थ आहे. ते आधीच सांगून टाकलेलं बरं. निव्वळ थापा असत्या तर सोडून दिलं असतं, पण यातले काही मुद्दे अर्धे खरे आहेत, म्हणून एकेक घेते.

“मॅन्युअल कोणी वाचत नाही.”

पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोणी वाचत नाही, हे खरंच. शब्दकोश तरी ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत कोण वाचतं? जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन या आयबीएममधल्या संशोधकांनी १९८७ मध्ये ही गोष्ट नीट मांडली होती. माणसाला हातातलं काम उरकायचं असतं. आधी दहा मिनिटं वाचलं तर पुढचा तास वाचेल, हे पटत असूनही तो वाचत बसत नाही, थेट बटणं दाबायला लागतो. यावरून कॅरोल यांनी लिहिणं बंद करा असा निष्कर्ष काढला नाही. अशाच माणसासाठी लिहा, असं ते म्हणाले. प्रस्तावना कापा, कामापासून सुरुवात करा, आणि चूक झाली तर परत मागे कसं यायचं ते जागच्या जागी सांगा.

आमचा वाचक आरामखुर्चीत नसतो. त्याच्या हाताला ग्रीस लागलेलं असतं, पडद्यावर कसला तरी आकडा लुकलुकत असतो आणि मागे कोणीतरी “झालं का?” म्हणून उभं असतं. तो वाचत नाही, शोधतो. त्याच्यासाठी ‘प्रणालीचा परिचय’ हे शीर्षक मातीमोल आणि ‘मोटर फिरते पण पाणी येत नाही’ हे शीर्षक लाखमोलाचं.

आणि काही तांत्रिक लेखन तर दर वेळी, मोठ्यानं वाचलं जातं. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं विमान उड्डाण करताच कोसळलं. चालवणारे वैमानिक नवशिके नव्हते, चांगले मुरलेले होते. उभ्या विमानाचे पंख-शेपटीचे हलणारे भाग वाऱ्यानं हलू नयेत म्हणून लावलेली कडी उड्डाणापूर्वी काढायची राहून गेली होती. त्यानंतर वैमानिकांसाठी तपासणी-यादी आली; स्मरणशक्तीवरचा भार कागदावर गेला. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची अशीच यादी काढली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय त्या एका पानाला देता येणार नाही. यादीच्या निमित्तानं शस्त्रक्रियागृहातली माणसं एकमेकांशी बोलायला लागली, हाही त्यातला मोठा भाग. पण बोलायला लावणं हेच त्या पानाचं काम होतं, आणि १९ मुद्दे म्हणजे बाकीचे शंभर कोणीतरी विचार करून गाळले होते.

“वस्तू चांगली असेल तर मॅन्युअल लागत नाही.”

दाराच्या मुठीला लागत नाही, कबूल. मुठीवर ‘ओढा’ असं लिहावं लागलं तर मूठ चुकली आहे, हेही कबूल. पण हा मुद्दा लिहिणाऱ्याला तांत्रिक लेखन म्हणजे खोक्यात येणारी पुस्तिका एवढंच वाटतंय. पडद्यावर उमटणारा त्रुटीसंदेश, एका विभागानं दुसऱ्याला पाठवलेलं टिपण, बाटलीवरची मात्रा, हे सगळं त्यातच येतं.

थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात त्याच्यामुळे सहा रुग्णांना बेसुमार जास्त मात्रा गेली. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे उपचार चालू असताना पडद्यावर उमटलं ‘मालफंक्शन ५४’. बस्स, एवढंच. यंत्र चालवणाऱ्याच्या पुस्तिकेत या क्रमांकाचा अर्थ नव्हता. कंपनीच्या लेखी त्याचा अर्थ, मात्रा फार जास्त किंवा फार कमी गेली असा होता. असे संदेश त्या यंत्रावर रोजच यायचे आणि एक कळ दाबून पुढे जायची सवय सगळ्यांना झालेली. ती कळ दाबली गेली. मूळ दोष सॉफ्टवेअरचा होता, आणि जुन्या यंत्रांवर असलेले यांत्रिक अडथळे नव्या यंत्रातून काढून टाकले होते. संदेश नीट असता तर सगळं टळलं असतं असं मी म्हणणार नाही. पण यंत्राला माणसाशी बोलायची ती एकच संधी होती, आणि त्या संधीत ते बोललं एक शब्द नि एक आकडा.

टिपणाचंही तेच. १९७७ मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात चालकांनी अणुभट्टीला आपत्कालीन पाणी देणारी यंत्रणा वेळेआधीच आवरती घेतली. तिथे निभावलं. अणुभट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्या अभियंत्यांनी धोका ओळखला, चालकांना नव्या सूचना द्या म्हणून अंतर्गत टिपणं लिहिली. ती या विभागातून त्या विभागात फिरली, त्यांवर उलट शंका विचारल्या गेल्या, आणि केंद्रांपर्यंत सूचना काही गेली नाही. २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंड या अमेरिकेतल्याच दुसऱ्या अणुवीज केंद्रात चालकांनी तेच केलं, आणि तिथे अणुभट्टीचा गाभा अर्धवट वितळला. माहिती होती, बरोबर होती, लिहिलेलीही होती. ती ज्याच्या हाताशी हवी त्याच्यापर्यंत गेली नाही. ‘लिहिलंय की आम्ही’ असं म्हणून मोकळं होणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगते.

“ज्यानं बनवलं त्यानंच लिहावं.”

इथे मला जरा थांबायचंय, कारण हा मुद्दा वरवर सगळ्यात शहाणा वाटतो.

एकदा ऑटोक्लेव्हच्या सूचना लिहायच्या होत्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेनं उपकरणं निर्जंतुक करायचं यंत्र. ज्यांनी ते घडवलं होतं त्या अभियंत्यांनी मला कच्चा मसुदा दिला. त्यात एक ओळ होती: ‘दाब सोडल्यानंतर झाकण उघडण्यात यावे.’ त्यांच्या दृष्टीनं ती पूर्ण होती. मी कागद घेऊन कामावर नव्यानं लागलेल्या एका मुलाकडे गेले आणि म्हटलं, “हे वाचून कर. मी काही बोलणार नाही.” त्यानं ओळ दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मॅडम, दाब गेला हे कळायचं कसं?”

मी अभियंत्यांना तेच विचारलं. ते म्हणाले, “त्यात काय, कळतंच की.” मग मी त्यांनाच यंत्र उघडायला लावलं. ते कान देऊन वाफेचा फुस्सकारा थांबायची वाट पाहत होते, मग काट्याकडे एक नजर, मग खटका. आपण कान देतो हे त्यांनाच माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं केलेली गोष्ट हातात मुरते, ती सांगायची असते हेच मग सुचत नाही.

नवा मसुदा मी असा केला:

१. वाफेची झडप डावीकडे फिरवा. वाफ बाहेर येईल.
२. दाबमापकाचा काटा ० वर येईपर्यंत थांबा.
३. खटका उचला आणि झाकण उघडा.
सावधान: काटा ० वर नसेल तर खटक्याला हात लावू नका. वाफेनं भाजेल.

खूश होऊन परत त्या मुलाकडे गेले. (यंत्र अर्थातच थंड होतं.) तो एकेक ओळ वाचत करत गेला. ‘सावधान’ या शब्दावर त्याची नजर पोचली तेव्हा झाकण उघडलेलं होतं. इशारा माझाच, मीच पायरीच्या खाली टाकलेला. धोक्याची सूचना पायरीच्या आधी यावी, हा या धंद्यातला अगदी पहिला नियम. मी तो दुसऱ्यांना शिकवत होते.

अभियंत्याशिवाय हे काम होत नाही, हेही सांगते. आकडे, मर्यादा, कुठे काय फुटू शकतं, हे त्यांनाच ठाऊक असतं आणि शेवटची तपासणी त्यांचीच. पण ज्याला काहीच माहीत नाही त्याच्या जागी उभं राहायला त्यांना सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला बुडून दाखव म्हणण्यासारखं आहे. आणि ऱ्हस्व-दीर्घाचं म्हणाल, तर वरच्या दोन्ही मसुद्यांत शुद्धलेखन चोख होतं.

“सोपं केलं की अचूकपणा जातो.”

हा मुद्दा साफ उलटा आहे. ‘पुरेसे घट्ट करावे’, ‘आवश्यकतेनुसार योग्य प्रमाणात’, ‘शक्यतो टाळावे’ ही भारदस्त भाषा कानाला तांत्रिक लागते आणि सांगत काहीच नाही. ‘२५ न्यूटन-मीटरपर्यंत घट्ट करा’ हे सोपंही आहे आणि अचूकही.

आपल्या भाषेचंच उदाहरण घ्या. ‘लावा’. दार लावा म्हणजे बंद करा, दिवा लावा म्हणजे चालू करा, झाकण लावा म्हणजे बसवा, गाडी लावा म्हणजे उभी करा. आता ‘मोटर लावा’ म्हणजे काय? जागेवर बसवा की सुरू करा? एकाचा हात आत असताना दुसऱ्यानं हे वाक्य वाचलं तर? विमानांच्या देखभालीच्या कागदपत्रांसाठी इंग्रजीत यावर उपाय म्हणून ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ नावाचं मानक आहे. शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ, कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, आणि एका वाक्यात एकच सूचना. तिथे ‘फॉलो’ हा साधा शब्दसुद्धा फक्त ‘मागून येणे’ याच अर्थी चालतो, ‘नियम पाळणे’ या अर्थी नाही. विमान दुरुस्त करणाऱ्यांनी अचूकपणासाठीच सोपेपणा निवडला, हे त्या मजकुराच्या लेखकाला कोणीतरी कळवा.

तसंच ‘करावे’चं. ‘तेल तपासावे’ हा हुकूम आहे की सल्ला? मराठीत दोन्ही. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांना इंग्रजीत हीच अडचण आली, तेव्हा मार्च १९९७ मध्ये त्यांनी आरएफसी २११९ हा छोटासा दस्तऐवज काढून ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ यांचे अर्थ ठरवून टाकले. मी माझ्यापुरतं ठरवलंय: सक्तीचं असेल तिथे ‘तपासा’, सल्ला असेल तिथे ‘तपासलेलं बरं, कारण…’ आणि पुढे कारण.

शाळेत एकच शब्द पुन्हा वापरला की बाई लाल रेघ मारायच्या. इथे उलट: पहिल्या पानावर ‘झडप’ असेल तर चाळिसाव्या पानावरही झडपच. मध्येच ‘व्हॉल्व्ह’ किंवा ‘तोटी’ आली की वाचणारा तिसरा भाग शोधत बसतो. आणि ज्याला सगळे वॉशर म्हणतात त्याला ‘वलयाकार चकती’ म्हटलं की भाषा शुद्ध होते, नट मात्र सैल राहतो.

मराठीची एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. आपल्याकडे अट आपसूक आधी येते: ‘दाब वाढला की झडप फिरवा’. इंग्रजीवरून ओढून आणलेल्या मसुद्यांत ‘झडप फिरवा, जर दाब वाढला तर’ असं दिसतं. ‘जर’पर्यंत पोचेतो झडप फिरलेली असते.

आकड्यांतही हेच. अमेरिकेतल्या रुग्णालयांसाठीच्या नियमांत ‘.५’ असं लिहायला मनाई आहे, ‘०.५’च लिहायचं, आणि ‘१.०’ नाही, नुसतं ‘१’. टिंब पुसट झालं की पहिल्याचे ५ होतात आणि दुसऱ्याचे १०. मात्रा दहापट. एक शून्य कुठे लिहायचं आणि कुठे नाही, हेही तांत्रिक लेखनच.

“आता एआय आहेच.”

मीही वापरते. शंभर पानांत कुठे ‘झडप’चं ‘व्हॉल्व्ह’ झालंय ते शोधायला उत्तम. पण मसुद्यात घट्ट करायचा आकडा नसेल तर ते त्या जागी शोभेलसा आकडा बेधडक घालतं, आणि तो वाचायला इतका छान असतो की तपासणाऱ्याची नजर घसरते.

त्या ऑटोक्लेव्हच्या खोलीत काही महिन्यांनी पुन्हा गेले होते. माझं पान प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर चिकटवलेलं, कडेला बोटांचे डाग. खाली कोणीतरी मार्करनं लिहिलं होतं: ‘उघडताना डोकं बाजूला. आत वाफ असते, चष्म्यावर बसते.’ हे अभियंत्यांच्या मसुद्यात नव्हतं, माझ्याही नव्हतं. काटा ० वर आला म्हणजे आतली वाफ संपली असं नाही, हे तिथे रोज उभं राहणाऱ्यालाच कळलं होतं. पुढच्या आवृत्तीत मी ती ओळ जशीच्या तशी घेतली. फक्त झाकण उघडायच्या पायरीच्या वर.