‘नवऱ्यामागे गेलेली बाई’? : लक्ष्मीबाई टिळकांवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया लांबलचक होती, तेव्हा उत्तरही लांबणार. सगळ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात इथे देतो. लक्ष्मीबाई टिळकांना मी ‘मंडळीची आई’ म्हटलं (मंडळी म्हणजे चर्चचा समुदाय), ते तुम्हाला पटलेलं नाही. तुमच्या मते त्या नवऱ्यामागे धर्मांतर केलेल्या साध्या बाई होत्या. धर्मातलं त्यांना फारसं कळत नव्हतं, चर्चमध्ये त्यांना कुठलं पद नव्हतं, आणि स्वतःच्या मुलाची तर त्यांनी फरफटच केली. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ विनोदी आहे म्हणून त्या लोकप्रिय, बाकी भक्तीबिक्ती आपण मागाहून चिकटवतो, असा एकूण सूर. शिवाय धर्मांतराच्या राजकारणावर दोन वाक्यं.

‘नवऱ्यामागे’ या मुद्द्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळी गडबड तिथेच आहे. त्यांचे नवरे, कवी नारायण वामन टिळक, यांचा बाप्तिस्मा मुंबईत झाला 10 फेब्रुवारी 1895 ला. लक्ष्मीबाईंचा झाला राहुरीला, 1900 साली. मधली पाच वर्षं कुठे गेली? नवऱ्यामागेच जायचं असतं तर त्या पुढच्याच गाडीने गेल्या असत्या. त्या गेल्या पंढरपूरला, नातेवाइकांकडे, लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन. ज्या घरात त्या वाढल्या तिथे वडिलांच्या सोवळ्याचा असा कहर होता की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. (धुतल्यावर मीठ किती उरत असेल, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.) त्या घरची लेक आणि नवरा बाटलेला! पुढे टिळकांच्या जवळ राहायला आल्या तरी सुरुवातीला चूल वेगळी, पाणी वेगळं. नवरा हवा होता, त्याचा धर्म नको होता. मग हळूहळू, स्वतःच्या डोक्याने विचार करत त्या एका ठिकाणी येऊन पोचल्या: जात देवाने केली नाही, माणसांनी केली. एकदा हे पटल्यावर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही. बाप्तिस्मा त्यानंतरचा.

म्हणजे त्यांची श्रद्धा ग्रंथांतून नाही, पाण्याच्या तांब्यातून आली. तुम्हाला हे ‘धर्मातलं न कळणं’ वाटतं. मला उलट वाटतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांतून आजही आडनावं विचारून सोयरिकी ठरतात, तिथे ही बाई 1900 साली नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवून मोकळी झाली होती.

पदाचं म्हणाल तर खरं आहे, नव्हतं. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत तेव्हा पाळक (म्हणजे चर्चचे धर्मगुरू) पुरुष, कारभार पाहणारे ‘वडील’ म्हणून निवडले जायचे तेही पुरुष. बायकांच्या वाट्याला शाळा, वसतिगृह, दवाखाना, नाहीतर बायबलबाईचं, म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना बायबल सांगायचं काम. टिळकांना 1904 मध्ये पाळकपणाची दीक्षा मिळाली. लक्ष्मीबाई पाळकीणबाई झाल्या, बस्स. पण मंडळीत वडीलकी कुणाची चालते हे प्रत्येक ख्रिस्ती माणसाला ठाऊक असतं. आमच्याकडे पास्टरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीत, बाई निवडून यायला फार उशीर झाला. पण उपासनेनंतर कुणाच्या घरी आजारी आहे, कुणाच्या पोराची फी भरायची राहिली आहे, हे सगळं आधी पाळकांच्या नव्हे तर एका मावशींच्या कानावर जायचं, आणि पाळकसाहेब सोमवारी त्यांच्याकडे चहाला जायचे ते उगाच नाही.

लक्ष्मीबाईंच्या घरात अशी पोरं किती वाढली! प्लेगच्या दिवसांत मिशनच्या आजारी मुलींची शुश्रूषा करायला त्या पुढे झाल्या. शिवाय एक पोर होतं त्र्यंबक ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. नगरला टिळकांच्या घरी ते राहिले, लक्ष्मीबाईंच्या हातचं जेवले, रुसले, आणि 1918 साली अकाली गेले तेही हिंदू म्हणूनच. त्यांना कुणी बाटवलं नाही. धर्मांतराच्या राजकारणाबद्दल तुम्ही जी दोन वाक्यं टाकली आहेत, त्यांना माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

आता दत्तू. बाप एका गावी, आई दुसऱ्या गावी, नातेवाईक बापाचं नाव काढायला तयार नाहीत. त्या पाच वर्षांत मुलाचे हाल झाले असणारच, यात वाद नाही. पण दोष एकट्या आईच्या माथी का? घर सोडून गेला होता तो बाप. आणि हाच दत्तू, देवदत्त नारायण टिळक, मोठेपणी आईच्या लिखाणाचा आधार झाला. 1936 मध्ये त्या गेल्या तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ अपुरं होतं, ते देवदत्तांनी पुरं केलं. फरफटीचा राग मनात धरलेला मुलगा असं करत नाही, असं माझं मत. तुमचं वेगळं असू शकतं.

तुमच्या प्रतिक्रियेत एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात भारी. ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं महाकाव्य टिळकांनी सुरू केलं आणि दहा-अकरा अध्यायांवर 1919 मध्ये ते वारले. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचं तोंड न पाहिलेली, नवऱ्याच्या धरसोडीच्या शिकवणीवर अक्षरं गिरवलेली विधवा बाई शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला एकेक प्रसंग घेऊन वर्षानुवर्षं ओव्या रचत बसते. कुणासाठी? नवरा तर गेला होता. त्याच्या मागे जाण्यासारखं काही उरलंच नव्हतं. 1933 साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, ते कुणाची बायको म्हणून नाही. ‘ख्रिस्तायन’ काव्य म्हणून सगळीकडे सारखं उतरलंय असं मी म्हणणार नाही. काही अध्याय चक्क कंटाळवाणे आहेत. पण भक्तीचा पुरावा मागितलात, तर 64 अध्यायांहून मोठा मी कुठून आणू?

विनोदाबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. पुस्तक हसवतंच. पण हसवणारी बाई भक्त नसते हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

शेवटी तुम्ही ‘स्मृतिचित्रे’ची कुठली आवृत्ती वाचावी असं विचारलंय. नातवाने, म्हणजे अशोक देवदत्त टिळकांनी संपादित केलेली घ्या. पंढरपूरपासून राहुरीपर्यंतचा भाग सावकाश वाचा आणि मग परत लिहा. भांडायला मी आहेच.