लाडू, एरंडेल आणि न आलेली पाळी : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर लिहिते. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात. मागचा लेख बाळंतपणानंतरची बद्धकोष्ठता आणि पुन्हा दिवस राहण्याची शक्यता यांवर होता. त्यावर नाशिकच्या सिडकोतल्या या ताईंचं म्हणणं असं : डिंक-अळिवाच्या लाडवांना उगाच बदनाम केलं. कोठा जड झाला की एरंडेल द्यावं, पोट साफ झालं की पाळीही आपसूक येते. आणि तिसरं, त्यांच्याच शब्दांत, "अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवस जात नाहीत. आमच्या सासूबाईंच्या मुलांमध्ये तीन-तीन वर्षांचं अंतर होतं, तेही गोळ्यांशिवाय." शेवटी सुनेचा विषय : बाळ पाच महिन्यांचं, पाळी अजून नाही, पुढच्या महिन्यात सातपूरच्या कंपनीत रुजू व्हायचंय आणि आशाताई (सरकारी आरोग्य कार्यकर्त्या) 'छाया' ही गर्भनिरोधक गोळी सुचवतायत. वर, हे सगळं गोळ्या विकण्यासाठीच चाललंय, असाही टोला.

लाडवांपासून सुरू करू. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात आणि लाडू ते काम चोख करतो. अळीव पाणी धरून फुगणारे, डिंकातही विरघळणारे तंतू, म्हणजे खरं तर दोन्ही पोटाला मदत करणारे. पण फुगायला पाणी मिळालं तर. आपल्याकडे लाडू चालू होतो आणि त्याच दिवशी पाणी बंद होतं! 'बाळाला सर्दी होईल', 'पोट सुटेल' म्हणून अर्धा भांडं कोमट पाणी, पालेभाजी वातूळ म्हणून नको, फळ थंड म्हणून नको, उरला तूप-मेतकूट-भात. आईच्या अंगावर दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध येतं आणि त्यातलं बहुतेक पाणीच असतं. ते कुठून तरी यायचं. मोठं आतडं मलातलं पाणी शोषून घेतं आणि खडा होतो. डिसेंबर-जानेवारीत निफाड-सिन्नरकडच्या गारठ्यात तर तहानच लागत नाही, त्यामुळे तेव्हाच्या बाळंतिणींना हा त्रास जास्त. पाणी थंड नको तर कोमट द्या, बाळंतशेपा-ओवा घालून उकळलेलं द्या, पण दर वेळी बाळाला घेताना भरलेला एक पेला हाताशी असू द्या. दूधवाढीसाठी लोटे रिचवायची गरज नाही. लघवी फिकट पिवळी राहील इतकं पुरे.

भाजीबद्दलही तेच. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत. शिजवलेली मेथी, दुधी, दोडका, सालीसकट मुगाची उसळ, बाजरीची किंवा नाचणीची भाकरी, एक पेरू किंवा पपई, रात्री भिजवलेले आठ-दहा काळे मनुके, एवढ्यात भागतं. नाशिकची द्राक्षं जरूर खावीत, पण शंभर ग्रॅममध्ये तंतू जेमतेम एक ग्रॅम, पेरूत त्याच्या पाचपट. एकदम ताटभर भाजी वाढवली तर गॅस धरतो, म्हणून चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवावी.

आता जे लाडवांच्या माथी मारलं जातं, पण ज्याचा दोष बऱ्याचदा गोळ्यांचा असतो ते. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, बाळंतपणानंतरही ती १८० दिवस रोज घ्यायची असते आणि जोडीला कॅल्शियम. दोन्हींनी मल घट्ट होऊ शकतो. उपाय गोळी बंद करणं हा नाही, रक्तस्रावानंतर तिचीच गरज असते. लोह आणि कॅल्शियम एकत्र न घेता निदान दोन तासांचं अंतर ठेवावं, लोहाच्या आगेमागे चहा नको, पोटाला फारच त्रास होत असेल तर डॉक्टरांकडून गोळीचा प्रकार बदलून घ्यावा. लोहाने शौचाचा रंग काळपट होतो. ते रक्त नव्हे.

आणि भीती. टाके असलेली बाई शौचाला बसायलाच घाबरते आणि भावना दाबते. थांबलेल्या मलातलं पाणी आणखी शोषलं जातं, खडा आणखी कडक होतो, शेवटी उतरताना गुदद्वाराला चीर पडते. मग दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट. हे चक्र कुठल्याही लाडवापेक्षा वाईट. बाळंतपणानंतर पहिली शौच दोन-तीन दिवसांनी झाली तरी चालते, पण भावना आली की थांबू नये. सकाळच्या नाश्त्यानंतर अर्ध्या तासात आतडं आपणहून हलतं, तेव्हा बाळाला कुणीतरी घ्यावं आणि आईला दहा मिनिटं मोकळी द्यावीत. (हे काम आजीच उत्तम करू शकते.) कमोडवर बसताना पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्यावा, गुडघे कमरेच्या वर, कोपरं मांडीवर, किंचित पुढे वाकून. श्वास कोंडून कुंथायचं नाही, तोंडाने सावकाश श्वास सोडत खाली जोर द्यायचा. टाक्यांवर पुढून स्वच्छ पॅड हलकेच दाबून धरला की धीर येतो. सिझर असेल तर पोटावर उशी. नंतर टबात कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसावं.

एवढं करून भागलं नाही तर ईसबगोल एक-दोन चमचे, पण पूर्ण पेलाभर पाण्यात आणि लगेच पिऊन वर आणखी एक पेला. कमी पाण्यात घेतलं तर उलट बूच बसतो. लोहाच्या गोळीपासून तेही दोन तास लांब. किंवा डॉक्टरांना विचारून लॅक्टुलोजचं सिरप, साधारण १५ मिलिलिटर रात्री. ते रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही, त्यामुळे दुधातून बाळापर्यंत जाण्याचा प्रश्न नाही. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटून टाके पडले असतील तर मात्र घरगुती प्रयोग नकोत. तिथे सुरुवातीपासूनच डॉक्टर मल मऊ ठेवण्याचं औषध देतात, ते सांगितलेले दिवस पूर्ण घ्यावं.

एरंडेल का नको? ते मल मऊ करत नाही, आतड्याला चाळवून ढकलतं. मुरडा, जुलाब, त्यातून आणखी पाणी जातं आणि दोन दिवसांनी पुन्हा कोठा जड. गर्भाशयही त्याने आवळतं, म्हणून ओल्या बाळंतिणीला कळा येतात. 'पोट साफ तर पाळी सुरू' हे तर अजिबात खरं नाही. पाळीची सूत्रं मेंदूत आणि बीजकोशात हलतात, आतड्यात नाही. बाळ अंगावर ओढतं तेव्हा मेंदूतले बीजकोशाला जागं करणारे संदेश मंदावतात, म्हणून पाळी लांबते. एरंडेल तिथपर्यंत पोचतच नाही.

तरी हे दोन विषय एका लेखात का घेतले, असंही तुम्ही विचारलंत. कारण दोन्हींत घरोघरी एकच चूक होते : एकाच्या लक्षणावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं. पोट नीट झालं म्हणजे अंग 'पूर्ववत' झालं असं नाही. आणि पाळी आली नाही म्हणजे बीज तयार होत नाही, असंही नाही. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. त्या पहिल्याच बीजाला दिवस राहिले तर पाळी दिसतच नाही. जी बाई पाजत नाही तिचं बीज सरासरी दीड ते तीन महिन्यांत सुटतं, पण अगदी २५ व्या दिवशी सुटल्याचीही नोंद आहे. म्हणूनच न पाजणाऱ्या बाईने तीन आठवड्यांपासूनच काळजी घ्यावी, असं सांगतात. सव्वा महिना पाळला की झालं, हा हिशेब इथे चुकतो.

आता सासूबाई. त्यांचा अनुभव खोटा नाही. १९८८ साली इटलीत बेलाजिओला तज्ज्ञांची बैठक झाली आणि स्तनपानाने मिळणारं हे संरक्षण ९८ टक्क्यांहून जास्त असतं, असं तिथेच मान्य झालं. पण तीन अटींवर : बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळ जवळजवळ पूर्णपणे अंगावरच. त्यात दिवसा दोन पाजण्यांमध्ये चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून जास्त खंड नको. ५६ दिवसांनंतरचं रक्त जाणं पाळी धरायचं. एक अट मोडली की संरक्षण संपलं, तिन्हींची वाट पाहायची नाही. जुन्या काळी बाळ रात्रंदिवस कुशीत, वरचं दूध नाही, बाटली नाही, म्हणून पाजणं अखंड चालायचं आणि सहा महिन्यांनंतरही बऱ्याच जणींची पाळी लांबायची. पण बऱ्याच जणींची, सगळ्यांची नाही. अंगावर पीत असतानाच पाठचं भावंड पोटात राहिलेली मुलंही त्याच घरांत असायची, त्यांची गोष्ट फक्त कुणी उदाहरण म्हणून सांगत नाही.

आज नाशिक जिल्ह्यात हे कुठे मोडतं ते पाहा. दिंडोरी-निफाडच्या बागांत ऑक्टोबरच्या छाटणीला किंवा फेब्रुवारीत माल तोडायला गेलेली बाई सकाळी सातला निघते, बाळ घरी. चार तासांची अट पहिल्याच दिवशी गेली. सातपूर-अंबडला कंपनीत असलेल्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते, त्यातले ८ आठवड्यांपर्यंत आधी घेता येतात. सगळी रजा बाळंतपणानंतर घेतली तर रजा संपते, बाळाचे सहा महिने होतात आणि वरचं अन्न सुरू होतं, हे सगळं एकाच सुमारास. पंपाने काढून ठेवलेलं दूध बाळाला पुरतं, पण बीज रोखण्याच्या बाबतीत पंप बाळाच्या ओढीएवढा भरवशाचा नाही.

म्हणून तुमच्या सूनबाईंबद्दल. आशाताईंचा सल्ला वेळेवर आहे. रुजू होण्याआधीच पद्धत सुरू हवी. आधी सकाळच्या पहिल्या लघवीवर घरीच चाचणी करावी, कारण पाळी आलेलीच नसेल तर ती चुकली हे कळणार कसं? गेल्या तीन आठवड्यांत संबंध आले असतील तर तीन आठवडे झाल्यावर चाचणी पुन्हा करावी. सुरळीत झालेलं पोट अचानक पुन्हा जड झालं, मळमळ आहे, दूध कमी झालंय, अशा वेळीही हीच चाचणी आधी. ती नकारार्थी आली आणि सोबत थकवा, थंडी सहन न होणं असेल तर थायरॉइड तपासावं. बाळंतपणानंतर चार ते आठ महिन्यांत ते मंदावण्याचं प्रमाण बरंच असतं आणि त्यातही मल घट्ट होतो.

'छाया'त हार्मोन नाही, दुधावर परिणाम नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा, वार ठरवून. पाळी लांबू शकते, हे आधीच माहीत असलेलं बरं. कावीळ, यकृताचा आजार किंवा पीसीओडी असेल तर घेऊ नये. रोजच्या दोन हार्मोनांच्या गोळ्या पाजताना सहा महिन्यांपर्यंत टाळतात. वार लक्षात राहणार नसतील तर तांबी (कॉपर-टी) : चाचणी करून आताही बसवता येते, पण पाळी जरा जास्त जाते. 'अंतरा' इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, मात्र ते थांबवल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून लवकर दुसरं मूल हवं असेल तर ते सोयीचं नाही. सगळं सरकारी दवाखान्यात मोफत आहे, त्यामुळे विकण्याचा प्रश्न मिटला. निवड मात्र सूनबाईंनी करायची, तुम्ही सोबत जा.