टॉलपडलची मेथडिस्ट मंडळी : एका प्रचलित मजकुराचा प्रतिवाद

एक मे जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो : ‘१८३४ मध्ये इंग्लंडच्या टॉलपडल खेड्यातील सहा मेथडिस्ट शेतमजुरांना, कामगार संघटना काढणे हा गुन्हा असल्यामुळे, ऑस्ट्रेलियाला हद्दपार केले गेले, मेथडिस्ट चर्च त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि त्यांचे चॅपेल आजही तेथे आहे.’ (मेथडिस्ट हा जॉन वेस्ली यांच्या शिकवणीतून निघालेला प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ, आणि चॅपेल म्हणजे त्याचे प्रार्थनागृह.) यात वर्ष, गाव आणि शिक्षा एवढे बरोबर आहे.

संघटना काढणे तेव्हा गुन्हा नव्हताच. तशी बंदी घालणारे कायदे १८२४ मध्ये रद्द झाले होते. खटला चालला तो नाविकांच्या बंडानंतर १७९७ मध्ये केलेल्या बेकायदा शपथांच्या कायद्याखाली. टॉमस स्टँडफिल्डच्या घरात नव्या सभासदांचे डोळे बांधून, सांगाड्याच्या चित्रासमोर त्यांना गुप्ततेची शपथ दिली जाई, आणि आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून सातवर आणणाऱ्या जमीनमालकांना तेवढा धागा पुरला. डॉर्चेस्टरच्या न्यायालयाने प्रत्येकाला सात वर्षांची हद्दपारी सुनावली. ‘संघटना बेकायदा होती’ असे म्हटल्याने कायद्याची ही वाकडी वाट झाकली जाते, म्हणून ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

सहाही जण मेथडिस्ट होते हेही खरे नाही. जेम्स हॅमेट गावातल्या मेथडिस्ट मंडळीतला, म्हणजे त्या उपासकसमूहातला, नव्हता. परंतु लव्हलेस बंधू आणि स्टँडफिल्ड पितापुत्र तिच्यातलेच होते, आणि त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा दिवसभर नांगर हाकून रविवारी आसपासच्या गावांत प्रवचन करणारा अवैतनिक उपदेशक होता. सभा चालवणे, वाचणे, चारचौघांत ठामपणे बोलणे हे या माणसांच्या अंगवळणी पडले ते चॅपेलमध्ये, असे मानायला भरपूर जागा आहे.

म्हणूनच चर्च पाठीशी उभे राहिल्याचा दावा सर्वांत जास्त खटकतो. वेस्लियन परिषदेवर, म्हणजे या पंथाच्या मुख्य शाखेच्या मध्यवर्ती सभेवर, तेव्हा जेबेझ बंटिंग यांचा पगडा होता; राजकीय चळवळींपासून पंथाला दूर ठेवण्याचे त्यांचे धोरण होते, आणि परिषदेने या सहा जणांची बाजू घेतली नाही. त्यांच्यासाठी लंडनमध्ये प्रचंड मोर्चा काढला तो कामगार संघटनांनी. संसदेत प्रश्न लावून धरला तो खासदार टॉमस वॅकली यांनी. १८३६ मध्ये माफी मिळाली, तिचे श्रेय त्यांचे आहे. गावातल्या मूठभर मंडळीचे कर्तृत्व पंथाच्या नेतृत्वाच्या खात्यावर जमा करणे म्हणजे निव्वळ उसनवारी.

चॅपेलचे म्हणाल, तर लव्हलेसच्या काळातले चॅपेल १८१८ चे, मातीच्या भिंतींचे. पुढे ते शेतीच्या कामी वापरले गेले. प्रवासी ज्याचे छायाचित्र काढतात ते १८६० च्या दशकातले आहे, आणि त्यापुढची स्मारक कमान तर १९१२ ची. तिचे अनावरण मजूर पक्षाचे आर्थर हेंडरसन यांनी केले. तेही मेथडिस्ट उपदेशकच. तोवर लव्हलेसला जाऊन चाळीसेक वर्षे होत आली होती. परतल्यावर सहापैकी पाच जण कॅनडात स्थायिक झाले होते. टॉलपडलला कायमचा राहिला तो एकटा हॅमेट, म्हणजे नेमका तोच, जो त्या मंडळीतला नव्हता.