अंगठेबहाद्दर

बाबांनी मला पोटॅश आणायला पाठवले ते माझ्या डोक्याच्या भरवशावर नव्हे, अंगठ्याच्या. अनुदानाचे खत घ्यायचे तर कृषी केंद्रातल्या यंत्रावर आधारचा अंगठा जुळावा लागतो, आणि आयुष्यभर विळा-वखर धरून बाबांच्या बोटांवरच्या रेषा अशा पुसल्या गेल्या आहेत की ते यंत्र त्यांना ओळख द्यायलाच तयार नाही. "तुहा अंगठा लावजो, तुह्या हाताले कुठं काम असते," असे म्हणून त्यांनी मोटारसायकलची किल्ली माझ्यापुढे केली.

गोष्ट गेल्या सोमवारचीच असल्यामुळे राग अजून पुरता विझलेला नाही. आमचे गाव वरूड तालुक्यात. श्रावणातली उघडीप, आंबिया बहाराची संत्री गळू लागलेली, आणि त्यामुळे सारा गाव पोटॅशच्या मागे. रांगेत माझ्यापुढे दहा जण होते. दीड तासाने नंबर लागला, मी अंगठा ठेवला, आणि यंत्राने तो नाकारला. दुसऱ्यांदा नाकारला. दुकानदाराने स्वतःच्या रुमालाने काच पुसली, माझा अंगठाही पुसला, तरी तिसऱ्यांदा नाकारला. दोन तपे प्रयोगशाळेत स्पिरिटने हात धुतल्याचा हा परिणाम असावा. "डोक्याले घासा सायेब," दुकानदार म्हणाला, "तेल लागलं का घेते थे." मी पंचा काढला. डोक्यावर तेल लावण्याजोगे काही उरलेले नाही, हे रांगेतल्या सर्वांनी पाहिले.

येथे एक कबुली द्यायला हवी. ज्या प्रथिनावर मी आयुष्य घालवले, त्याचे सारे कर्तृत्व दारात उभे राहून कोणाला आत सोडायचे हे ठरवण्यात आहे. पोटॅशियमची आयन वाहिनी म्हणजे पेशीच्या पातळ आवरणातले एक छिद्र. त्यातून सेकंदाला कोटींच्या घरात पोटॅशियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, जाऊ शकतात, आणि अंगाने त्यांच्याहून लहान असलेला सोडियमचा आयन मात्र दारातच अडतो. दहा हजारांमागे एखादाच निसटला तर निसटतो. याचे कोडे मी वर्गात कितीतरी वेळा रंगवून सांगितले आहे. पण सोडियमला दारात उभे राहून कसे वाटत असेल, याचा विचार त्या सोमवारपर्यंत कधी केला नव्हता. आमच्या रांगेचा वेग तासाला सात माणसे होता.

माझ्या मागे एक म्हातारेबुवा उभे होते. डोक्यावर पांढरी टोपी, कानावर अर्धी विझवलेली बिडी, आणि एका पायात काळी तर दुसऱ्या पायात तपकिरी चप्पल. त्यांनी विचारले, "तू काय करतं रे भाऊ पुन्यात?"

मेंदूवर काम करतो, एवढे सांगून भागले असते. पण तीन वेळा अंगठा नाकारला गेलेल्या माणसाला आपली योग्यता सिद्ध करण्याची घाई असते. मी म्हणालो, "पोटॅशियमच्या वाहिन्यांवर संशोधन करतो." खताच्या दुकानात, पोटॅशचा तुटवडा असताना, हा शब्द उच्चारणे म्हणजे आग्या मोहोळावर दगड मारणे होय.

"पोटॅशियम म्हंजे पोटॅशच ना?"

"मूलद्रव्य तेच, पण—"

"आयका बाप्पाहो," म्हाताऱ्याने रांगेकडे वळून जाहीर केले, "हा पोटॅशचा डॉक्टर हाय. पुन्याहून आला." पुढच्या अर्ध्या मिनिटात माझ्या हातात दोन पिवळी पाने, एक गळलेले हिरवे संत्रे आणि कोणाच्या तरी माती परीक्षणाचा कागद आला. त्या कागदावर पोटॅशियमला 'पालाश' म्हटलेले होते. शाळेत असताना हा शब्द पळसावरून आला असावा असे मला वाटत असे, आणि पळसाला पाने तीनच असतात हेही पाठ होते. माझ्या वाट्याला आलेली पालाशची वाहिनी मात्र चार घटकांची निघाली, तेव्हा ती म्हण माझ्या कामी कधी आली नाही.

मी नेटाने समजावू लागलो. मेंदूतल्या पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे तीस पट असते. पेशी पेटते तेव्हा आधी सोडियम आत घुसतो, मग पोटॅशियम बाहेर पडतो आणि पेशी शांत होते. हे हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली समुद्रातल्या माखुळाच्या जाड मज्जातंतूवर दाखवून दिले, आणि त्यासाठी १९६३ साली त्यांना नोबेल मिळाले. म्हातारेबुवा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "अन् थो सोडियम पोटॅशच्या दारातून कामून नाई जात? लहान हाय ना थो?"

मी चपापलो. हाच प्रश्न माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेत मला विचारला गेला होता. मी सांगितले की, पाण्यात प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे कवच असते आणि त्या चिंचोळ्या दारातून जायचे तर ते उतरवून ठेवावे लागते. दाराच्या आत ऑक्सिजनचे अणू अशा बेताने मांडलेले आहेत की पोटॅशियमला ते अगदी पाण्यासारखेच भासतात, म्हणून तो कवच बिनघोर उतरवतो. सोडियम लहान, त्याला तेथे चहूबाजूंनी आधार मिळत नाही, म्हणून तो बाहेरचे पाणी सोडायला तयार होत नाही. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली मातीतल्या एका जिवाणूच्या वाहिनीची रचना उलगडून हे दाखवले आणि २००३ साली नोबेल पटकावले. मी त्या रचनेच्या पुढच्याच वर्षी संशोधनाला लागलो, म्हणजे मेजवानी उठल्यावर पत्रावळी उचलायला.

"समजलं," म्हातारेबुवा म्हणाले. "देवळावानी हाय थे. भाईर जोडा काढा लागते. पोटॅशले आत मापाचा जोडा भेटते, म्हून थो भाईरचा काढते. सोडियमले आत ढिला होते, म्हून थो म्हंते, मी नाई काढत जा." मग त्यांनी स्वतःच्या बेमेळ पायांकडे पाहिले आणि आणखी काही बोलले नाहीत. चोवीस वर्षांत इतके नेमके स्पष्टीकरण माझ्या एकाही विद्यार्थ्याने दिलेले नाही, आणि मीही दिलेले नाही.

येथे थांबायला हवे होते. पण कौतुक झाले की माणूस वाहवतो. या वाहिनीचे जनुक प्रथम फळमाशीत सापडले, हे मी सांगून बसलो. ईथरची भूल दिली की पाय थरथरवणारी एक माशी होती, तिला 'शेकर' असे नाव दिले होते, आणि १९८७ साली तिच्यातूनच पोटॅशियमच्या वाहिनीचे पहिले जनुक हाती लागले. रांगेने यातले दोनच शब्द ऐकले.

"फळमाशी?" मागून एकाने विचारले. "थे मारता का पाळता?"

"पाळतो," मी म्हणालो.

संत्र्याच्या पट्ट्यात, गळ चालू असताना, हे वाक्य उच्चारणारा माझ्याआधी कोणी झाला नसेल. "आमी इकडं फवारे मारून मरून रायलो," तो गरजला, "अन् हा तिकडं सरकारी पैशावर माशा पोसते!" मी परोपरीने सांगितले की ती माशी वेगळी, ती सडक्या केळ्यावरची बारीक चिलटे, बागेत फळाला डंख करणारी ती नव्हे. कोणी ऐकेना. शेवटी म्हातारेबुवांनीच माझी बाजू सावरली. "त्याच्या माशा भूल देल्यावरबी नाचतेत म्हंते," ते म्हणाले, "आपल्या तं फवाऱ्यानंबी मरत नाई. शिकू द्या त्याले."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्यामुळे मी आजही अस्वस्थ आहे. "झाडातबी असते का रे थे दार?"

असते. हेच तर सांगायचे नव्हते. १९९२ साली अरॅबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यात दोन वाहिन्या सापडल्या. पैकी एकीतून मुळे मातीतले पोटॅशियम आत ओढतात. दुसरी पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांची उघडझाप करणाऱ्या पेशींत असते. दोन्ही त्या थरथरणाऱ्या माशीच्या कुळातल्याच निघाल्या. म्हणजे बाबांच्या बागेत टाकायचे पोटॅश संत्र्याच्या मुळाशी माझ्याच वाहिनीच्या भावकीतून आत जाते, आणि मी मात्र 'खताचा डॉक्टर नव्हे हो मी' असे मघापासून ओरडत होतो. मी अनिच्छेने मान हलवली.

"मंग गळ कायनं थांबते थे सांग."

ते मला माहीत नव्हते. आमच्या काळ्या जमिनीत पालाश मुळातच बरा असतो, आणि गळीला पाणी, बुरशी, रस शोषणारे पतंग अशी दहा कारणे असू शकतात, एवढेच पुस्तकी ज्ञान होते. रांगेचा माझ्यावरचा विश्वास तेथेच उडाला. सगळ्यांनी आपापली पाने परत घेतली.

"मंग तुह्या कामाचा उपेग काय?" हा प्रश्न दर तीन वर्षांनी अनुदानाच्या अर्जातही असतो, तेव्हा उत्तर तोंडपाठ होते. मी मिरगीचे नाव घेतले. नवजात बाळांना येणाऱ्या एका आनुवंशिक प्रकारच्या झटक्यांमागे याच वाहिन्यांतला दोष असतो, हे १९९८ सालीच सिद्ध झाले आहे.

"मिरगीले जोडा हुंगवा लागते," म्हातारेबुवा ठामपणे म्हणाले. "माह्या डोयापुढं तीन पोट्ट्यायचे झटके थांबले."

आता मात्र मला हसू आले नाही. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआपच थांबतात. तोवर कोणीतरी चप्पल शोधून आणतो, नाकाला लावतो आणि श्रेय घेऊन जातो. पोराला मात्र पुढची कित्येक वर्षे गोळी मिळत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीची शाळा अशीच सुटली होती. आणि आमच्या बाजूने काय होते? या वाहिन्या उघडून झटके आवरणारे रेटिगाबिन नावाचे औषध २०११ साली बाजारात आले, घेणाऱ्यांपैकी काहींची कातडी निळी पडू लागली, आणि २०१७ साली ते बंद झाले. माझी ऐन उमेदीची वर्षे ज्या रेणूभोवती गेली तो असा गेला. जोडा अजून बाजारात आहे, आणि त्याला समाजोपयोगाचा रकाना भरावा लागत नाही.

माझा चेहरा उतरलेला पाहून म्हातारेबुवांना दया आली असावी. त्यांनी टोपी काढली आणि खोबरेल तेलाने चपचपलेले डोके माझ्यापुढे वाकवले. "घे, माह्या डोक्याले घास." मी घासला. दुकानात शांतता पसरली होती. यंत्राने चौथ्यांदा नाकारला. तेव्हा मला बाजूला सारून त्यांनी स्वतःचा अंगठा ठेवला, जो बाबांच्या अंगठ्याइतकाच झिजलेला होता, आणि यंत्राने तो पहिल्याच खेपेला घेतला. असे का व्हावे याला कोणत्याही शास्त्रात उत्तर नाही.

दोन पोती मिळाली, पन्नास-पन्नास किलोची. त्यांच्यासोबत दुकानदाराने एक हिरव्या द्रवाची बाटलीही ठेवली. मी नको म्हणालो. "लिंकिंग हाय सायेब. वरूनच येते तसं. बाटली नाई तं पोतं नाई." बाटलीत काय आहे हे विचारल्यावर तो म्हणाला, "तुमी डॉक्टर, तुमालेच मालूम." पोटॅशसाठी मोजले त्याहून फार कमी नव्हते त्या बाटलीचे पैसे. मी निमूटपणे दिले. म्हातारेबुवांनीही आपल्या बाटलीचे दिले. रांगेतला प्रत्येक जण देत होता आणि कोणीही ओरडत नव्हते. मघाशी माशांवरून गरजलेला गृहस्थही नाही.

घरी बाबांनी पावती डोळ्यांजवळ धरून वाचली. पावतीवर म्हातारेबुवांचे नाव होते. ती नीट घडी करून त्यांनी आधार कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली, बाटली गोठ्यातल्या फळीवर इतर सात बाटल्यांच्या रांगेत उभी केली, आणि म्हणाले, "पुढल्या येळेस त्यालेच सांगतो. तू कायले सुट्टी घेतं?"