‘देवकणानंतर काहीच सापडलं नाही’: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या काही दिवसांत एकच मेसेज मला तीन ग्रुपांवरून आला. म्हणणं थोडक्यात असं: ‘जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसी या कण आदळणाऱ्या यंत्राला २०१२ मध्ये देवकण (हिग्ज कण) मिळाला, पुढे काहीच नाही. तरी ९१ किलोमीटरचं तसलंच यंत्र, एफसीसी, मंजूर झालं. त्यातून पृथ्वी गिळणारं कृष्णविवर तयार होईल, म्हणून तर तिथे नटराज बसवलाय. सगळा पैसा पाण्यात.’

नटराजाची मूर्ती भारत सरकारने २००४ मध्ये भेट दिली, जुन्या सहकार्याची खूण म्हणून. आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगात मोठा वाटा आहे. मूर्तीचा अर्थ एवढाच.

कृष्णविवराची भीती मात्र समजण्यासारखी आहे. पण अंतराळातून येणारे वैश्विक किरण हवेतल्या अणूंवर अब्जावधी वर्षं आदळत आहेत. १९९१ मध्ये अमेरिकेत यूटाला नोंदल्या गेलेल्या एका कणाची टक्कर नियोजित यंत्रातल्या कुठल्याही टकरीपेक्षा जोरदार होती. कुणी म्हणेल, अशा टकरीतून निघालेलं काहीही वेगाने निघून जाईल, यंत्रातलं मात्र इथेच रेंगाळेल. शंका रास्त आहे. पण श्वेतखुजे आणि न्यूट्रॉन तारे, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांचे अवशेष, इतके घन असतात की तिथे ते अडकलंच असतं. ते तारे आजही जागेवर आहेत.

‘काहीच सापडलं नाही’ हे सरळ चूक आहे. एलएचसीने क्वार्क या मूलभूत कणांपासून बनलेले सत्तरहून अधिक नवे कण दाखवले. त्यात २०१५ मध्ये जाहीर झालेले पाच क्वार्कांचे पेंटाक्वार्कही आले. हो, नवा मूलभूत कण मिळाला नाही. अतिसममिती या सिद्धांताने भाकीत केलेल्या कणांची अनेकांना आशा होती, ते दिसले नाहीत. ती निराशा खरी आहे. पण हिग्जबद्दल २०१२ मध्ये तो आहे, एवढंच ठाऊक झालं होतं. टॉप आणि बॉटम या दोन प्रकारच्या क्वार्कांशी त्याचं थेट नातं २०१८ मध्ये पक्कं झालं. तो स्वतःशी कसा वागतो, हे तर अजून नीट मोजलेलंच नाही, आणि विश्वाच्या सुरुवातीच्या क्षणांचा प्रश्न नेमका तिथे येऊन थांबतो.

आता ‘तसलंच यंत्र’. मला सर्वांत खटकलं ते हेच. एलएचसी प्रोटॉन आदळतो, आणि प्रोटॉन म्हणजे क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांचं गाठोडं. टकरीतून ढिगाऱ्याने कचरा उडतो. एफसीसीच्या पहिल्या टप्प्यात इलेक्ट्रॉन आणि त्याचे प्रतिकण पॉझिट्रॉन आदळतील, त्यामुळे मोजमाप स्वच्छ होईल. पण हलका इलेक्ट्रॉन वळणावर प्रकाश फेकून ऊर्जा गमावतो, आणि वळण जितकं तीव्र तितका तोटा जास्त. एवढा लांब बोगदा हवा तो यासाठी.

नुसत्या मोजमापाने काय साधतं? एलएचसीच्याच बोगद्यात १९८९ ते २००० या काळात लेप हे यंत्र होतं. त्याने सुमारे १ कोटी ७० लाख झेड नावाचे जड कण तपासले आणि हलके न्यूट्रिनो (कशातही सहसा न अडणारे कण) तीनच प्रकारचे असल्याचं सिद्ध केलं. टॉप क्वार्क बनवण्याइतकी ऊर्जा त्याच्याकडे कधीच नव्हती. तरीही त्याच्या आकड्यांतून टॉपचं वस्तुमान आधीच अजमावता आलं, आणि १९९५ मध्ये अमेरिकेतल्या फर्मिलॅब प्रयोगशाळेला तो त्याच आसपास सापडला. लेपने अकरा वर्षांत गोळा केले तेवढे झेड एफसीसी काही मिनिटांत देईल.

उरला पैसा. एफसीसीला मंजुरी मिळालेलीच नाही. व्यवहार्यता अहवाल मार्च २०२५ मध्ये आला. सदस्य देशांचा निर्णय २०२८ च्या सुमारास अपेक्षित आहे. बोगदा आणि पहिल्या यंत्राचा अंदाजित खर्च १५ अब्ज स्विस फ्रँक आहे, तो वर्षानुवर्षांत विभागलेला. रक्कम मोठी आहे, नवा कण मिळेलच अशी हमीही नाही, आणि याच कारणाने या यंत्राला विरोध करणारे भौतिकशास्त्रज्ञही आहेत. त्यांच्याशी वाद घालायला मला आवडेल. मात्र हिशेब मांडताना तो बोगदा एका यंत्रासाठी धरू नये: लेपच्या बोगद्यात पुढे एलएचसी आला, तसंच एफसीसीच्या बोगद्यात २०७० च्या दशकात प्रोटॉनांचं यंत्र बसवायची योजना आहे.